एअर पिस्तुलाचा ट्रिगर हलका करायला सिअर घासू की स्प्रिंग बदलू?

दोन्ही करू नका. सिअरला, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या तुकड्याला, तर कानस लावूच नका. त्याच्या कडेचा टणकपणा अनेकदा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो थर गेला की कोन बिघडतो, कड झिजत जाते आणि एक दिवस बोट न लावता, पिस्तूल टेबलावर जरा आपटलं तरी शॉट सुटतो. मॅच पिस्तुलाला ट्रिगर जुळवायचे स्क्रू दिलेले असतात, ते वापरा.

पण हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर, हे तुम्ही आधीच धरून चालला आहात आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. माझा मोठा भाऊ दहा मीटर रायफल मारायचा. रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, त्यामुळे दादाचा ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटायचा. मी पिस्तूल घेतल्यावर तो म्हणाला, "तुझा ट्रिगर दगड आहे, दे इकडे." मी दिलं. ट्रिगरच्या दोन स्टेज असतात: पहिलीत बोट मागे सरकून एका अडथळ्याशी, म्हणजे भिंतीशी, थांबतं आणि दुसरीत ती ओलांडली की शॉट सुटतो. त्याने दुसऱ्या स्टेजचा स्क्रू इतका सैल केला की भिंत म्हणून काही उरलंच नाही. घरी ड्राय, म्हणजे छर्र्याविना सराव, करताना फार छान वाटलं, हे कबूल करतो.

मग मॅचचा दिवस. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, म्हणजे तेवढं वजन न सुटता उचललं गेलं पाहिजे, हे तुम्हाला माहीत असेलच. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, पिस्तूल कॉक करून नळी सरळ वर धरली, वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवलं आणि सावकाश उचलायला लागलो. वजन टेबलावरून सुटायच्या आधीच टक्. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा श्वास रोखून उचललं, तरी टक्. तीनच संधी मिळतात. बाजूला जाऊन ॲलन कीने घाईघाईत स्क्रू आवळला, पुन्हा रांगेत उभा राहिलो, पास झालो. पण आता हातात अनोळखी ट्रिगर होता. बोट भिंतीशी येऊन थांबायचं, शॉट जायचाच नाही, हात डळमळायला लागायचा आणि मग मी ओढायचो. पहिल्याच दहा शॉटच्या सिरीजमध्ये दोन शॉट सातचे, दोन्ही घड्याळातल्या साडेसातच्या दिशेला, खाली डावीकडे. उजव्या हाताने मारणारा ट्रिगर हिसकतो तेव्हा छर्रा तिथेच जातो. त्या सिरीजला ८६ झाले. सरावात ९३च्या खाली क्वचित यायचो.

दादाचं म्हणणं, टार्गेटवरचा दहाचा गोल रायफलला अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पिस्तुलाला साडेअकरा, मग आम्हाला हलका चालतो तर तुला का नाही? अरे, रायफल दोन हातांत आणि खांद्यावर टेकलेली असते. पिस्तूल एका लांब हाताच्या टोकाला असतं, ते हलणारच. त्या हलण्यात बोटाला विसावायला जागा लागते. ती जागा म्हणजे पहिली स्टेज. बहुतेक वजन तिथे ठेवा, म्हणजे पुढचं थोडंसंच उरतं आणि एकूण वजन जास्त असूनही सुटताना ट्रिगर हलका लागतो. माझं आता पहिल्या स्टेजला ३८० आणि दुसऱ्या स्टेजला १४० आहे. एकूण ५२०. वरचे वीस मुद्दाम ठेवलेत, कारण मॅच संपल्यावरही तपासणीला बोलावू शकतात आणि तिथे नापास झालात तर साठच्या साठ शॉट वाया.

ट्रिगर स्टॉपही, म्हणजे शॉटनंतर ट्रिगर थांबवणारा स्क्रू, बघून घ्या. शॉट सुटल्यावर बोट मागे धावत असेल तर कितीही हलका करा, फोरसाइट (नळीच्या टोकाची माशी) हलणारच.

स्प्रिंगचं राहिलं. कंपनीची स्प्रिंग दमली असेल तर तीच नवीन घाला, दुसरी कापून बसवू नका. स्क्रू पाव फेऱ्याने फिरवा, प्रत्येक वेळी वजन लावून बघा, आधीची जागा लिहून ठेवा. नळीत छर्रा नाही याची खात्री करूनच हे सगळं करा, नळी रिकाम्या दिशेला ठेवा. सिअरच्या पकडीचा स्क्रू वेगळा असेल तर त्याला हात लावू नका, ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं. मॅचच्या आदल्या आठवड्यात तर काहीच बदलू नका.

दादा अजून म्हणतो की त्या दिवशी टेबलावरचं वजनच चुकीचं होतं. माझ्या पुढच्या आणि मागच्या मुलाने तेच वजन पहिल्याच खेपेला उचललं होतं, मी तिथेच उभा होतो.