दशांश देतो, मग म्हातारपणासाठी साठवणं हा अविश्वास कसा?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका बहिणीचं पत्र आलंय. मूळची अहिल्यानगरकडची, नर्स आहे, वय ४४, नवरा ४६ चा, दोन मुलं शाळेत. ती लिहिते, "सलाम ताई. आमचे हे ४०१के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यात, एक डॉलर टाकत नाहीत. दशांश, कमाईचा दहावा हिस्सा, मात्र चर्चला नेमाने जातो, वर गावच्या चर्चच्या बांधकामाला, कुणाच्या ऑपरेशनला, कशालाच नाही म्हणत नाहीत. मी काही बोलले की म्हणतात प्रभूने उद्याची चिंता करू नका असं सांगितलंय, तुझा विश्वास कमी पडतोय. मला रात्री झोप लागत नाही. मी खरंच चुकतेय का?"

नाही गं, चुकत नाहीयेस. आणि तुझे मिस्टरही वाईट माणूस नाहीत, देणारा हात आहे त्यांचा, हे आधी मान्य कर म्हणजे पुढचं बोलणं भांडणावर जाणार नाही. दशांश बंद करा असं तर मी अजिबात सांगणार नाहीये.

बायबलमध्ये मत्तयच्या ६व्या अध्यायात प्रभू चिंतेबद्दल बोलतोय, तयारीबद्दल नाही. आमच्या आईचं सांगते. नगर जिल्ह्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन, सुगीच्या उपासनेला पहिली ज्वारी चर्चमध्ये जायची, मग आई चांगली टपोरी कणसं वेगळी काढायची, झोडून राख लावून मडक्यात भरायची आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायची, ते बियाणं. पेरणीच्या तोंडावर घरातलं धान्य संपत आलं, उसनं आणायची वेळ आली तरी त्या मडक्याला हात नाही लावायचा. बियाणं राखून ठेवलं म्हणून आईचा देवावर विश्वास नाही असं आख्ख्या गावात कुणी म्हटलं नसतं. पेरणारा माणूसच तर पावसासाठी प्रार्थना करतो ना?

लूकच्या १२व्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी, कोठारं पाडून मोठी बांधणारा, त्याचं उदाहरण तुझे मिस्टर देत असतील. पण ती गोष्ट परत सावकाश वाचा, त्याच्या बोलण्यात सगळं माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव, दुसऱ्या माणसाचं नाव नाही. योसेफानेही कोठारंच भरली, मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला, आणि दुष्काळात त्याच धान्यावर त्याचे आईबाप-भावंडं... आई नव्हती तेव्हा, बाप आणि भाऊ जगले. कोठार दोघांचंही, ते कुणासाठी भरलं त्यात फरक.

आणि एक वचन आपल्याकडे फार कमी वेळा वाचलं जातं, मार्कचा ७वा अध्याय. आईवडिलांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशूने स्पष्ट सुनावलंय, देवाच्या नावाने दिलेल्या पैशानेसुद्धा घरच्यांवर अन्याय होऊ शकतो. पौल तर २ करिंथच्या १२व्या अध्यायात म्हणतो की मुलांनी आईबापांसाठी नाही, आईबापांनी मुलांसाठी साठवावं. तुमची मुलं अमेरिकेत वाढतायत, त्यांच्या डोक्यावर उद्या घराचं कर्ज, एज्युकेशन लोन आणि तुमचं दोघांचं म्हातारपण एकदम येऊ नये.

पंडिता रमाबाईंचं नाव तू लिहिलंयस, की त्या फक्त प्रार्थनेवर चालल्या. प्रार्थनेवर चालल्या हे खरंच, पण १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या तेव्हा त्यांनी विहिरीही खणून घेतल्या, शेती लावली, मुलींना विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. विहीर खणणं हा त्यांच्या प्रार्थनेचाच भाग होता असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. तू लिहिलंयस की त्यांचा पगार ९०,००० डॉलर आणि पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत आपण जे टाकू त्याच्या निम्मे कंपनी टाकते. म्हणजे तुम्ही वर्षाला ५,४०० टाकले तर कंपनीचे २,७०० येतात. ६७ व्या वर्षापर्यंत २१ वर्षं धर, वाढ काहीही नाही धरली तरी ५६,७०० डॉलर नुसते कंपनीचे, आणि आत्ता ते दर वर्षी टेबलावर सोडून उठताय. कंपनीचा हिस्सा पूर्ण आपला व्हायला काही ठिकाणी काही वर्षं नोकरी लागते, ते एचआरला विचारून घ्या. महिन्याला ४५० होतात पण ते टॅक्सच्या आधी कापले जातात, त्यामुळे हातातला पगार तेवढा कमी होत नाही. ५९½ च्या आधी काढले तर साधारणपणे टॅक्स आणि वर १० टक्के दंड, म्हणून इमर्जन्सीसाठी तीन-चार महिन्यांचा खर्च वेगळ्या सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये हवाच, नाहीतर पहिल्याच अडचणीला यात हात जाईल.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, मिळेल की, असं म्हणून बसू नका. ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी, आणि भारताचा अमेरिकेशी याबाबत करार नाहीये, त्यामुळे भारतात केलेली नोकरी इथे मोजली जात नाही. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ ला, ६२ ला घेतली तर कायमची कमी, ७० पर्यंत थांबलात तर वाढते. दोघंही आपापलं अकाउंट सरकारच्या साइटवर उघडून किती क्रेडिट झालीत ते बघा. आणि सुट्टीत गावी गेलात की कुणीतरी भारतातल्या म्युच्युअल फंडाचा फॉर्म पुढे करेल, त्यावर सही करण्याआधी इथल्या टॅक्सवाल्याला विचारा, अमेरिकेत त्याचा टॅक्स फार किचकट पडतो, फॉर्म ८६२१ भरावा लागतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, तोही भरायचा.

माझे वडील शाळामास्तर होते, आयुष्यभर दिलं त्यांनी, पाळकसाहेबांच्या घरी धान्य जायचं, पोरांच्या फिया जायच्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. ८१ व्या वर्षी भावाकडे राहायचे. रविवारी दानाची पिशवी रांगेतून जवळ यायला लागली की ते भावाकडे बघायचे, भाऊ गुपचूप त्यांच्या हातात नोट द्यायचा, आणि ते ती मुठीत धरून पिशवीत सोडायचे. भावाने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण वडिलांची ती नजर मी बघितलीय. देणाऱ्या माणसाला म्हातारपणीही स्वतःच्या खिशातून देता आलं पाहिजे, हे तुझ्या मिस्टरांना सांग, त्यांना ही गोष्ट बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा लवकर पटेल.

एक मात्र तुलाही विचारते. किती झाले की पुरे? तो आकडा दोघांनी बसून ठरवा, नाहीतर भीतीपोटी साठवतच राहशील आणि पाच वर्षांनी दशांश कापायचा विचार तुझ्याच मनात येईल. पगार आला की आधी दशांश, मग म्हातारपणाचं, मग घरखर्च, आणि गावच्या मागण्यांसाठी वर्षाची एक रक्कम, ती संपली की प्रेमाने पुढच्या वर्षी म्हणायचं.

या रविवारी जेवणं झाली की लॅपटॉप उघडा, आधी दोघं मिळून प्रार्थना करा आणि मग ६ टक्क्यांचा फॉर्म भरा. तिथेच बेनिफिशियरीचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत त्याचा रकाना असतो, तुझ्या नोकरीच्या अकाउंटमधलाही बघ, लग्नाआधीचं कुणाचं नाव राहिलं असेल तर बदलून टाक. आणि पहिली मॅच, म्हणजे कंपनीचा हिस्सा, जमा झाली की मला कळव.