सरकारी रुग्णालयांत गुणवत्ता टिकत नाही, यात दोष रचनेचा की कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेचा?

'मानसिकता' वाचलं आणि राहवलं नाही. मी एका जिल्हा रुग्णालयात लेबर रूमची इन्चार्ज होते, आता निवृत्त आहे.

'लक्ष्य' म्हणजे प्रसूतिगृहांची गुणवत्ता तपासून गुण देणारा सरकारी कार्यक्रम. त्याची तपासणी तोंडावर आली आणि ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने साहित्य निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, गास्केट (दाराचं रबरी सील) गेलं. दाराच्या फटीतून वाफ बाहेर, प्रेशर चढेना. मी मेट्रनना (नर्सेसच्या प्रमुखांना) लिहून दिलं, त्यांनी आरएमओंना (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना), तिथून कागद स्टोअरला. स्टोअर म्हणालं, मशीन देखभालीच्या कंत्राटात आहे, कंपनीला कळवा. कंपनीचा माणूस आला, वायरिंगकडे बोट दाखवून गेला. वायरिंग म्हणजे बांधकाम खात्याची विद्युत शाखा. त्यांचे साहेब वेगळे; आमचे सीएस, म्हणजे रुग्णालयाचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक, त्यांना पत्र देऊ शकतात, हुकूम नाही. तोवर आमच्या मावशी साहित्याचे ड्रम उचलून निर्जंतुक करायला वरच्या ऑपरेशन थिएटरात न्यायच्या. एकीकडे कळा देणारी बाई, दुसरीकडे निर्जंतुक ट्रेची वाट.

तपासणीत मार्क गेले. आढावा बैठकीत प्रशासकीय अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, आधी मानसिकता बदला." मी विचारलं, "गास्केट मागवायचा अधिकार मला आहे का, सर?" उत्तर आलं नाही, चहा आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लेबर रूमला ७० टक्के गुण मिळवून द्यायचे इन्चार्जने, आणि औषध, दुरुस्ती, सफाईचा ठेका, बदल्या यांच्या चाव्या निराळ्या टेबलांवर. सफाईवाला ठेकेदाराचा, आमच्याकडे त्याच्या बिलावर इन्चार्जची सही लागत नसे, मग तो तिचं का ऐकेल? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. कारवाई कंत्राटी नर्सपर्यंत पोचली. विजेतला बिघाड कुठल्या नर्सच्या ताब्यात असतो?

रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून किरकोळ दुरुस्ती होऊ शकते, पण त्यालाही वरची सही लागते. वॉर्डाला थोडी रक्कम थेट द्या, हिशेब कडक मागा. निम्मी रड थांबेल.

कामचुकार आमच्यातही आहेत, ड्यूटीत मोबाइलवर बसणाऱ्या मीही पाहिल्यात. पण नर्सला बैठकीत उभं करण्याआधी आवक रजिस्टर उघडा. माझ्या अर्जाची शिक्क्याची प्रत आजही माझ्याकडे आहे. मानसिकता बदला म्हणणारे ते साहेब हे वाचत असतील तर झेरॉक्स पाठवते.