पोलंडचा तो बेटवाला चित्रवेडा सरदार, मिलेव्स्की, नेमका कोण होता?

इग्नात्सी कोर्विन-मिलेव्स्की, 1846 ते 1926. घरची जमीनदारी, पैशाला तोटा नाही, म्युनिकला स्वतः पेंटिंग शिकायला गेला पण खरा नाद लागला तो चित्रं विकत घ्यायचा. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रियाने वाटून खाल्लेला, त्यामुळे पोलिश चित्रकारांना असा गिऱ्हाईक म्हणजे देवच पावला म्हणायचा.

पोलिश चित्रकार यान मातेइकोचं 'स्तान्चिक' हे चित्र याच्याकडे होतं. बघा एकदा ते चित्र, लाल कपड्यातला राजदरबारी विदूषक स्तान्चिक खुर्चीत सुन्न बसलाय, टेबलावर स्मोलेन्स्क शहर रशियाकडे गेल्याचं पत्र, आणि मागच्या खोलीत पार्टी चालूच! 1862 चं आहे, आता वॉर्साच्या नॅशनल म्युझियममध्ये.

मला त्याची सगळ्यात भारी वाटलेली आयडिया म्हणजे त्याने नामवंत पोलिश चित्रकारांना ऑर्डर देऊन त्यांची सेल्फ-पोर्ट्रेट्स करून घेतली, मातेइकोचं 1892 चं त्यातलंच (गंमत म्हणजे स्तान्चिकचा चेहराही मातेइकोचाच).

बाकी माणूस हौशी, समुद्राचं वेड, 1905 च्या सुमारास एड्रियाटिक समुद्रात, आजच्या क्रोएशियातल्या रोविन शहरासमोरचं सेंट कॅथरीन बेटच घेऊन टाकलं. आज तिथे हॉटेल आहे.