बिग सरचे चढ आणि त्याहून अवघड उतार

आपण मुंबई मॅरेथॉन ४ तास १५ मिनिटांत पूर्ण केली आहे, एप्रिलअखेरीस मुलीकडे सान होजेला येणार आहात, आणि कॅलिफोर्नियातील बिग सर मॅरेथॉनसाठी हेच लक्ष्य ठेवावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: ठेवू नये. ४ तास ४० मिनिटे धरावीत आणि वाटेत घड्याळाकडे शक्य तितके कमी पाहावे. मी ही शर्यत तीनदा धावलो असून पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली होती.

१९८६ पासून होणारी ही शर्यत महामार्ग क्रमांक १ वरून दक्षिणेकडून उत्तरेकडे, कार्मेलपर्यंत जाते. सुरुवातीचे सुमारे आठ किलोमीटर रेडवुडच्या उंच झाडांखालून, बहुतांशी उतारावरून जातात. वारा नसतो, पाय ताजे असतात आणि वेग आपोआप वाढतो. पुढे झाडी संपते, डावीकडे पॅसिफिक महासागर उघडतो आणि वायव्येकडून येणारा वारा बहुतेक वर्षी थेट तोंडावर बसतो. अशा वेळी आपल्याच वेगाच्या घोळक्यामागे राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

सोळाव्या किलोमीटरजवळ, लिटल सर नदीच्या खोऱ्यात, जपानी ताइको ढोलांचा आवाज येऊ लागतो आणि तेथून हरिकेन पॉइंटचा चढ सुरू होतो. सुमारे सव्वातीन किलोमीटरांत दीडशे मीटरहून अधिक उंची चढायची असते. पेडर रोडचा चढ त्याच्यापुढे उंबरठ्याएवढा वाटतो. येथे वेग नव्हे, श्वास सांभाळावा. तोंडातून एखादे पूर्ण वाक्य निघत नसेल तर खुशाल चालावे. माझ्या दुसऱ्या शर्यतीत मी या चढावर तीन वेळा चाललो आणि तरीही पहिल्या वर्षापेक्षा लवकर पोहोचलो.

माथ्यावरून खाली उतरल्यावर १९३२ साली बांधून पूर्ण झालेला बिक्सबी पूल लागतो. शर्यतीचा मध्य तिथेच येतो आणि तिथे एक वादक ग्रँड पियानो वाजवत बसलेला असतो. छायाचित्र अवश्य काढावे, मात्र कडेला होऊन.

खरी परीक्षा त्यानंतरची आहे, कारण उरलेला अर्धा मार्ग सतत चढत-उतरत राहतो. उतारावर शरीराला आवर घालताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती पंचविसाव्या किलोमीटरनंतर जाणवू लागते. मात्र सरावात अशी इजा होऊन भरून आली, की तेच स्नायू पुढील काही आठवडे असा भार अधिक सहजपणे सोसतात. पुण्यात राहून केवळ चढ चढण्याचा सराव करणारे अनेक जण मी पाहिले आहेत. घाट चढून जायचे आणि परतीला कोणाच्या तरी गाडीत बसायचे. आपण बोपदेव किंवा सिंहगडाचा घाट धावतच उतरावा, लहान पावले टाकत, टाच पुढे न रोवता. सुरुवात हलकी ठेवावी आणि असा शेवटचा जोरदार सराव शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी संपवावा. रस्ता अनेक वळणांवर कडेला कललेला आहे. घोटा दुखरा असेल तर जिथे सपाट भाग मिळेल तिथून धावावे.

बाकी तयारी साधी आहे. सुरुवातीच्या ठिकाणी पहाटे अंधारात बसने नेतात आणि तिथे थंडीत बराच वेळ थांबावे लागते, म्हणून टाकून देता येईल असा जुना स्वेटर बरोबर ठेवावा. शर्यतीची मर्यादा सहा तासांची आहे, तेव्हा आपल्याला घाई करण्याचे कारण नाही. कार्मेल हायलँड्समध्ये, शेवटच्या काही किलोमीटरांत, धावणाऱ्यांना ताज्या स्ट्रॉबेरी देतात. पहिल्या वर्षी वेळ वाचवण्यासाठी मी त्या न घेताच पुढे गेलो आणि दोनशे मीटरवर मांडीत गोळा येऊन रस्त्याच्या कडेला बसलो.