मोल कशाचे, ते आधी लिहा

सहामाही जवळ आली की रसायनशास्त्राचे प्रश्न वाढतात. यावेळी एक प्रश्न थेट प्रयोगशाळेतून आला आहे, त्याला जास्त जागा दिली आहे.

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांत गोंधळ होतो. ‘एट’ म्हणजे चार ऑक्सिजन असं मैत्रीण सांगते. खरं का? (नववीतील विद्यार्थिनी, ऐरोली)

नाही. नायट्रेटमध्ये तीनच ऑक्सिजन असतात, आणि सल्फाइटमध्येही तीनच. शेवटचं अक्षर फक्त तुलना सांगतं: त्याच मूलद्रव्याच्या जोडीत ‘आइट’ला ऑक्सिजन कमी, ‘एट’ला जास्त. नायट्राइट दोन, नायट्रेट तीन. सल्फाइट तीन, सल्फेट चार. ‘आइड’ म्हणजे बहुधा एकटं मूलद्रव्य. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद. ऑक्सिजन वाढला म्हणून प्रभार मात्र बदलू नकोस. तुझ्या तिन्ही आयनांवर (प्रभार असलेल्या अणूवर किंवा अणुगटावर) उणे दोनच आहे.

मुलाने तिरकस बाण काढून, म्हणजे दोन्ही आयनांच्या प्रभारांचे आकडे एकमेकांखाली उतरवून, कॅल्शियम ऑक्साइडचं सूत्र सीए२ओ२ लिहिलं, गुण कापले गेले. मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच२ओ२ कसं चालतं? (पालक, घोडबंदर रोड)

चिरंजीवांना शाबासकी द्या, शंका रास्त आहे. कॅल्शियम ऑक्साइडमध्ये सुटे रेणू नसतातच. आयन ओळीने रचलेले असतात आणि सूत्र फक्त त्यांचं प्रमाण सांगतं, एकास एक. म्हणून सीएओ. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू मात्र खराखुरा आहे, त्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात. त्याला संक्षिप्त रूप दिलं तर पदार्थच बदलतो. सोडियम पेरॉक्साइड तर आयनिक असूनही एनए२ओ२ राहतं, कारण तिथे ऑक्सिजनची जोडी हाच एक आयन, प्रभार उणे दोन. जोडी फोडायची नाही. तिरकस बाण ही सोय झाली; नियम एवढाच की एकूण प्रभार शून्य व्हायला हवा.

मोरचूदाचं (कॉपर सल्फेटचं) ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल असलेलं, एक लिटर द्रावण करायचं आहे. जुन्या वहीत १५.९६ ग्रॅम लिहिलंय, माझा हिशेब २४.९७ येतो. कुणाचं चुकलं? (प्रयोगशाळा सहायक, रबाळे एमआयडीसी)

दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पदार्थ वेगळे आहेत. वहीतला आकडा निर्जल कॉपर सल्फेटचा, रेणुभार १५९.६, म्हणजे एका मोलचं वजन तितके ग्रॅम. तुमच्या बाटलीत निळे स्फटिक असतील तर प्रत्येक कॉपर सल्फेटसोबत पाण्याचे पाच रेणू येतात आणि रेणुभार २४९.७ होतो. त्या स्फटिकांचे १५.९६ ग्रॅम घेतले तर ०.०६४ मोलच हाती लागतात, म्हणजे द्रावण तिसऱ्या हिश्शाहून जास्त फिकं. लेबलवर ‘पेंटाहायड्रेट’ (पाच पाण्यांसह) आहे का ते आधी बघा. पांढरी निर्जल पूड वापरत असाल तर बाटली घट्ट बंद ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती पाणी ओढते, निळसर होते आणि तोललेलं वजन खोटं ठरतं. धुण्याच्या सोड्याचंही हेच: निर्जल १०६, दहा पाण्यांसह २८६.

आणखी एक. लिटरभर पाण्यात पूड टाकायची नाही. थोड्या पाण्यात विरघळवा, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (नेमक्या मापाची खूण असलेल्या चंबूत) ओता, भांडं धुऊन तेही पाणी ओता आणि मग खुणेपर्यंत भरा.

एक मोल ऑक्सिजन १६ ग्रॅम की ३२? आणि वायूचा मोल नेहमी २२.४ लिटरच का? (अकरावीचा विद्यार्थी, नौपाडा)

ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. कोणते कण, ते तुम्ही सांगायचं. प्रश्नात ‘ऑक्सिजन वायू’ असेल तर ३२ धरा. २२.४ लिटर हे शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला. त्याच दाबाला, ठाण्यातल्या ३० अंशांच्या वर्गात तोच मोल सुमारे २४.९ लिटर जागा घेईल.