नोंदणी केली नाही, म्हणजे लग्न झालं नाही?

पत्र : 'मी २७ वर्षांची, नाशिकची. होणारा नवरा न्यू जर्सीत जन्मलेला, अमेरिकेचाच नागरिक. त्याने गेल्या महिन्यात माझ्यासाठी के-वन म्हणजे वाग्दत्त वधूच्या व्हिसाचा अर्ज भरलाय. डिसेंबरमध्ये तो तीन आठवडे इथे येतोय. दोन्ही घरं हिंदू. आई म्हणते, तेवढ्यात विधिवत लग्न उरकू, फक्त नोंदणी करायची नाही. कागदोपत्री लग्न तिकडे करा. व्हिसाला धोका आहे का?'

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ : विधींमध्ये सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण आणि बंधनकारक. कलम ८ सांगतं, नोंदणी राहिली म्हणून लग्न अवैध ठरत नाही. म्हणजे आई ज्याला 'फक्त विधी' म्हणतेय, तेच कायद्याने लग्न. के-वन मात्र लग्न न झालेल्यांसाठीच असतो. सातव्या पावलानंतर तू वाग्दत्त राहिली नाहीस. त्याने के-वनसाठी भरलेला आय-१२९एफ अर्ज निकामी, त्याचे ६७५ डॉलर गेले, आणि आय-१३० म्हणजे पत्नीसाठीचा वेगळा अर्ज पहिल्यापासून.

लपवलंस तर याहून वाईट. व्हिसाच्या मुलाखतीत 'अविवाहित' म्हणालीस आणि उघडं पडलं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल अमेरिकेची दारं जन्मभरासाठी बंद होऊ शकतात. माफीचा मार्ग आहे, पण त्यासाठी तुझ्यावाचून नवऱ्याचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. आणि उघडं पडायला फार काही लागत नाही. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. मावसबहिणीने टाकलेला एक फोटो पुरे. अमेरिकेच्या मुंबईतल्या कॉन्सुलेटमध्ये अंतरपाट म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा दोनच रस्ते. डिसेंबरमध्ये फक्त साखरपुडा करा : अंगठ्या, ओटी, पेढे, जेवणावळ. मुंडावळ्या, मंगळसूत्र, होम नको. पत्रिकेवर 'साखरपुडा' असं स्वच्छ छापा आणि ती पत्रिका मुलाखतीला ने. व्हिसा मिळाला की सहा महिन्यांत अमेरिकेत पोहोचायचं आणि पोहोचल्यापासून ९० दिवसांत त्याच्याशीच लग्न करायचं. ही मुदत वाढत नाही. न्यू जर्सीत विवाह परवाना अर्जानंतर ७२ तासांनी मिळतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मग ग्रीन कार्डसाठी आय-४८५ हा अर्ज. तो प्रलंबित असताना वर्क परमिट येईपर्यंत नोकरी नाही, आणि ॲडव्हान्स परोल म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी हातात नसताना देश सोडलास तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. आईच्या मनातला नाशिकचा मांडव त्यामुळे लांबणीवर.

दुसरा रस्ता : डिसेंबरमध्ये रीतसर लग्न, लगेच नोंदणी, आणि के-वनचा अर्ज मागे घेऊन आय-१३०. मला हाच बरा वाटतो. के-वन सहसा लवकर मिळतो हे खरं, पण पुढचा हिशोब पाहा. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने के-वनच्या वाटेवर अर्जाचे ६७५, व्हिसाचे २६५, आय-४८५ चे १,४४० मिळून २,३८० डॉलर. वर्क परमिटचे वेगळे. पत्नीच्या वाटेवर कागदी आय-१३० चे ६७५, मग व्हिसाचे ३२५, नवऱ्याच्या आर्थिक हमीपत्राचे १२० आणि ग्रीन कार्डचे २३५, म्हणजे १,३५५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे आहेच. (भरण्याआधी दर तपासा, ते बदलतात.) शिवाय पत्नी म्हणून उतरलीस की पहिल्या दिवसापासून कायम रहिवासी, नोकरीला मोकळी. लग्नाला तोवर दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ म्हणजे ही दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज भरायचा.

हा रस्ता घेतलात तर तीन आठवड्यांचं गणित आत्ताच बसवा. नोंदणी हिंदू विवाह कायद्याखालीच करा. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते, ती या सुट्टीत बसत नाही. परदेशी नागरिकाकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते कोणत्या नमुन्यात हवं हे निबंधक कार्यालयात जाऊन आधीच विचार आणि त्याला तिकडूनच करून आणायला सांग. प्रमाणपत्रावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतात का, हे हातात घेतानाच बघ. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, यावरून पुढे महिने जातात.