तुमचे प्रश्न : केनियातल्या महिला गटांसाठी तीन महिने

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझं वय ६१. सहकारी बँकेतून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं कर्ज विभागात होते. केनियात किसुमूजवळ बायकांच्या छोट्या धंद्यांना मदत करणाऱ्या गटांबरोबर तीन महिने काम करायची संधी एका एजन्सीमार्फत आली आहे. राहण्याजेवणाचा खर्च आणि वर ‘प्रकल्प शुल्क’ म्हणून बरीच रक्कम मागतात. सेवाही करायची आणि पैसेही भरायचे, हे योग्य आहे का? माझा तिथे खरंच उपयोग होईल का? मुलगा म्हणतो, “बचत गटच हवेत तर मुळशी-वेल्ह्यात जा की!”
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, उपयोग होईल. भाषणं द्यायला गेलात तर नाही, पण कर्ज विभागात रोज जे केलंत तेच घेऊन गेलात तर नक्की होईल.

पुण्याच्या आसपासच्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. भीमथडी जत्रेत स्टॉल मिळतो, माल हातोहात खपतो आणि घरी येऊन बघावं तर हातात काही उरलेलं नसतं, हे मी अनेकदा पाहिलंय. एका गटाच्या शेंगदाणा चटणीचा हिशेब आम्ही जमिनीवर वही पसरून केला. दाणे, लसूण, तिखट, पिशव्या, लेबलं, सगळं लिहिलेलं होतं. गॅस नव्हता. एसटीचं भाडं नव्हतं. आणि दाणे भाजून, पाखडून, कुटणाऱ्या चौघींची मजुरी तर कुणाच्या मनातच आली नव्हती. “ती काय धरायची, घरचंच काम!” मजुरी धरली तेव्हा कळलं, प्रत्येक पाकिटामागे त्या पदरचे पैसे घालत होत्या. पुढे काय करायचं ते त्यांनीच ठरवलं : भाव तोच ठेवून पाकीट लहान केलं. गिऱ्हाईक कुठल्या भावाला पाठ फिरवतं हे स्टॉलवर उभं राहणाऱ्या बाईलाच माहीत असतं.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. तिथे ओमेना नावाची बारीक मासळी उन्हात वाळवून बायका बाजारात विकतात. पाऊस आला की वाळत घातलेला माल खराब होतो. हे नुकसान किमतीत धरलंय का, मजुरी धरली आहे का, हा प्रश्न तुमच्यासारखी बाई सहज विचारू शकेल. अर्थात तिथल्या गटाला हिशेबाची मदत हवी असेल तरच. म्हणून जायच्या आधी एजन्सीला बाजूला ठेवून थेट गटाच्या अध्यक्ष किंवा खजिनदार बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि त्यांना काय हवंय ते विचारा. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, वेळ जुळायला अवघड नाही. एजन्सीने अशी गाठ घालून द्यायला टाळाटाळ केली, तर मी तिथेच थांबेन.

त्यांच्याकडे आधीपासून काय आहे तेही समजून घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवायची ‘एम-पेसा’ सेवा तिथे २००७पासून आहे, आपलं यूपीआय आलं २०१६मध्ये. ‘चामा’ म्हणजे त्यांची भिशी, ती तर घरोघरी. शिवाय आफ्रिकेत गावोगावी बचत-कर्ज गट असतात. ही पद्धत १९९१मध्ये नायजर देशात सुरू झाली. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, सगळ्यांसमोरच पेटी उघडायची. आपल्याकडे १९९२पासून नाबार्डने गट बँकेला जोडले. आफ्रिकेतल्या त्या गटांत मात्र साधारण वर्षअखेरीला जमलेली रक्कम व्याजासकट सभासदांत वाटून टाकतात. ते पैसे हाती कधी येणार हे प्रत्येकीने धरलेलं असतं. तेव्हा “पेटी कशाला, बँकेत ठेवा” हे पहिल्याच बैठकीत बोलू नका, ही कळकळीची विनंती.

आता पैसे. तुमच्या राहण्याजेवणाचा भार गटावर पडता कामा नये, तो तुम्ही उचलणं रास्तच आहे. ‘प्रकल्प शुल्का’तलं गटापर्यंत किती पोचतं ते मात्र लेखी मागा. कर्जाच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रं जशी तपासायचात, तशीच ही तपासा. परवान्याचंही लेखी घ्या. बिनपगारी काम असलं तरी केनियात त्याला परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन काम करू नका. आणि तिथे कुणा एकीला स्वतःच्या पर्समधून पैसे देऊ नका, मन कितीही कळवळलं तरी. गटात बेबनाव अशानेच होतो.

तीन महिने थोडे आहेत. पहिल्या दिवसापासून तिथलीच एक मुलगी हिशेबाला शेजारी बसवा आणि पेन तिच्या हातात द्या.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरून विलगीकरणात नेतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, म्हणून तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

मुलाचं म्हणणं मला अर्धं पटतं. निघायला अवकाश असेल तर तोवर मुळशीतल्या एखाद्या गटाच्या मासिक बैठकांना जाऊन बसा. बँकेच्या टेबलापलीकडून कर्ज कसं दिसतं ते तिथे कळेल, आणि किसुमूला त्याचा उपयोग होईल. मग खुशाल जा.